जावयाने बदललेला कॉम्प्युटर

मावशींचा राग फारसा कोणी पाहिलेला नव्हता. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि मावशी म्हटलं की डोळ्यांसमोर यायची ती गळ्यात मापाची टेप अडकवलेली, कोणाचं बटण तुटलेलं दिसलं तर दारातच उभं करून लावून देणारी बाई. राग त्यांनाही यायचा. पण तो काढायचा कुठे, हे माहेरी कोणी शिकवलं नव्हतं आणि सासरी कोणी विचारलं नव्हतं. घरात फक्त नवऱ्याला त्याची खूण माहीत होती. बायको भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवायला लागली, की तो चपला घालून बाहेर एक चक्कर मारून यायचा.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं भरतकामाचं मशीन होतं. सहा सुयांचं, कॉम्प्युटरवर काढलेलं डिझाइन कापडावर उतरवणारं. डॉक्टरांच्या कोटावरची नावं, हॉटेलच्या टॉवेलवरची चिन्हं, खेळाडूंच्या शर्टावरचे आकडे, असली कामं त्या करायच्या. मशीनच्या शेजारी कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली बोटाएवढी एक काडी. ती काडी म्हणजे डिझाइनच्या प्रोग्रामची चावी. ती खोचलेली नसली तर प्रोग्राम उघडतच नसे. ही सगळी जुळणी मशीन विकणाऱ्या मेकॅनिकने फार पूर्वी करून दिली होती, आणि तेव्हापासून मावशींनी तिला बोटही लावलं नव्हतं. खोली झाडतानासुद्धा त्या वायरींवरून केरसुणी फिरवत नसत, हाताने धूळ पुसून घेत.

त्या वर्षी कॉम्प्युटरवर एक निरोप यायला लागला. ज्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम त्यात होती, तिचं म्हणणं असं, की सिस्टिमची नवी आवृत्ती आली आहे, पण तुमचा कॉम्प्युटर तिच्या लायकीचा नाही. जुनीची देखभाल आता बंद होणार, तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्या. रोज सकाळी काम उघडायच्या आधी हा निरोप आडवा यायचा. मावशी तो बंद करायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर बसून मलाच लायकी शिकवतोय, असं त्या एकदा नवऱ्याला म्हणाल्या. नवरा शाळेची बस चालवायचा. तो म्हणाला, आमच्या बसच्या कंपनीने असं केलं तर मी स्टिअरिंग उपटून त्यांच्या ऑफिसात नेऊन ठेवीन. मावशींना जरा बरं वाटलं. निरोप मात्र यायचा थांबला नाही.

अशातच लेक आणि जावई आठवडाभर राहायला आले. जावई एका बड्या कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात होता. मनाने चांगला. आल्या आल्या गळका नळ दिसला की पाना मागणारा, कोणाच्या मोबाइलची काच फुटलेली दिसली की हळहळणारा. त्याने तो निरोप पहिल्याच दिवशी पाहिला आणि जेवायला बसल्यावर त्याची गाडी जी सुटली ती थांबेचना. ही उघड उघड लूट आहे, चांगले चालणारे कॉम्प्युटर भंगारात काढायचे आणि लोकांच्या गळ्यात नवे मारायचे, असं तो तावातावाने सांगू लागला. मावशींना त्याचा शब्दन् शब्द पटला. त्याचा राग आणि आपला राग एकाच जातीचा आहे असं वाटून त्यांना जावयाबद्दल मायाच दाटून आली. त्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

मग तो म्हणाला की यावर उपाय आहे. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली एक सिस्टिम आहे, फुकट मिळते, जुन्या कॉम्प्युटरवर पळते, तिच्यात असले निरोप येत नाहीत. टाकून देऊ का?

मावशी म्हणाल्या, नको.

का नको, हे मात्र त्यांना सांगता येईना. आहे ते चाललंय, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, चालतंय तोवरच बदलावं. कामं अंगावर आहेत, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, तासाभराचं तर काम आहे. मला ते नवीन कळणार नाही, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, सगळं जवळजवळ असंच दिसतं. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. मावशींच्या पोटात जे होतं त्याला शब्दच नव्हते, आणि शब्द नसले की माणूस वादात हरलेलाच दिसतो.

लेक हसून म्हणाली, "आई, तू घाबरतेस. बाकी काही नाही."

मावशींच्या कानशिलापाशी काहीतरी तापलं. गल्लीतल्या एकाही बाईने कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, तेव्हा त्या मॅन्युअलच्या पानांवर पेन्सिलने खुणा करत हे मशीन शिकल्या होत्या. तेव्हा ही लेक दोन वेण्या घालून शाळेत जात होती आणि तिच्या फीचे पैसे याच मशीनवर निघत होते. पण जावयासमोर लेकीला झापायचं नाही, आणि जावयाला तर नाहीच नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी जिभेवर आलेलं गिळलं आणि "बघू" म्हणाल्या. त्या "बघू"चा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने घेतला.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे रुग्णवाहिकेवरच्या लोकांच्या जॅकेटांचं काम आलं होतं. प्रत्येकाच्या छातीवर त्याचं नाव आणि खाली रक्तगट. जॅकेटं आणायला आणि अक्षरं केवढी हवीत ते ठरवायला मावशी लेकीला घेऊन त्यांच्या ठाण्यावर गेल्या. तिथली मुख्य बाई स्वभावाने कडक. तिने एवढंच बजावलं, की सजावट नको, पण कुठल्याही उजेडात वाचता आलं पाहिजे. मावशींना असं गिऱ्हाईक आवडायचं. गठ्ठे घेऊन त्या खुशीतच घरी परतल्या.

पुढच्या खोलीत आल्या तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठल्यातरी हिरव्या डोंगराचं चित्र होतं. जावई खुर्चीवरून उठून बाजूला झाला. त्याच्या तोंडावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखं हसू होतं. "बसा ना, आई. बघा किती पटकन चालू होतो," असं म्हणून त्याने तो बंद करून पुन्हा चालू करून दाखवला.

खरंच पटकन चालू झाला. जुनी सिस्टिम उठेपर्यंत मावशींचा चहा पिऊन व्हायचा, ही डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. तो सांगत होता की तुमची एकही फाइल गेलेली नाही, सगळ्या आधी काढून ठेवल्या, मग जुनं सगळं साफ पुसलं. त्याला इतका आनंद झाला होता, की मावशींच्या तोंडून "वा" निघून गेलं. त्या "वा"बद्दल पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःचाच राग येत राहिला.

मग त्यांनी विचारलं, "आणि माझा प्रोग्राम?"

त्या प्रोग्रामसारखाच दुसरा आहे, फुकट, असं म्हणून त्याने एक वेगळीच खिडकी उघडली. मावशींच्या फाइली दोन तऱ्हेच्या होत्या. एक मशीनला द्यायची, तिच्यात नुसते टाक्यापुढे टाके. दुसरी मूळ, जिच्यात अक्षर हे अक्षरच राहतं, नाव बदलता येतं, आकार लहानमोठा करता येतो. नव्या प्रोग्रामला टाक्यांची फाइल दिसत होती. मूळ फाइली त्याला उघडताच येत नव्हत्या. मागे खोचलेली काडी तर त्याच्या लेखी नव्हतीच.

जावई म्हणाला, होईल, बघतो. दुपारभर तो बघत राहिला. मावशी आधी त्याच्या मागे उभ्या राहिल्या, मग स्टुलावर बसल्या, मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी फार हळू लावायला लागल्या. नवरा चपला शोधू लागला. मध्ये एकदा त्या बाहेर आल्या तेव्हा जावयाने जगातल्या जाणकारांना इंटरनेटवर प्रश्न विचारला होता आणि कोणा शहाण्याचं उत्तर आलं होतं, की तो प्रोग्राम मुळात वापरताच कशाला. मावशींनी ते जावयाच्या खांद्यावरून वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या परत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी जावयाने हार न मानता नव्या प्रोग्राममध्येच एक नाव आणि रक्तगट तयार केला. मावशींनी जॅकेटाच्या कापडाचा तुकडा चौकटीत ताणून मशीनला लावला. मशीन चाललं. दोरा दोनदा तुटला, कापड एका बाजूला ओढलं गेलं, आणि अक्षरांची पोटं बुजली. रक्तगटाचा "ओ" म्हणजे नुसता फुगीर ठिपका झाला होता. त्यांच्या जुन्या प्रोग्राममध्ये कापडाप्रमाणे दोऱ्याची ओढ बसवलेली होती. जाड जॅकेटाला वेगळी, टॉवेलला वेगळी, पातळ शर्टाला वेगळी. वर्षानुवर्षं चिंध्यांवर करून करून त्यांनी ती बसवली होती. ती कुठल्या फाइलीत नव्हती, प्रोग्रामच्या पोटात होती. आणि प्रोग्राम पुसला गेला होता.

जावयाने तुकडा हातभर लांब धरून पाहिला. "एवढं काही वाईट नाही, आई. इतक्या जवळून कोण बघतंय?"

मावशींनी मशीन बंद केलं.

"या जॅकेटवाल्यांतलाच कोणी रस्त्यावर पडला, तर त्याच्या छातीवर वाकलेला माणूस बघेल," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण लेकीने मोबाइल खाली ठेवला. "पण ते राहू द्या. तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी नको म्हटलं होतं. मग हात का लावलात?"

तो चाचरला. म्हणाला, तुम्ही बघू म्हणाला होतात. म्हणाला, तुमच्या भल्यासाठीच केलं.

"माझं भलं करायचं होतं तर माझ्यासमोर करायचं. मी घराबाहेर पडायची वाट बघून नाही. ती कंपनी लुटारू आहे म्हणता ना? आहेच. पण तिने रोज सकाळी सांगितलं तरी, की बाई, मी तुझ्याशी असं वागणार आहे. तुम्ही तेवढंही नाही केलंत."

लेक मध्ये पडली, आई असं काय बोलतेस म्हणून. मावशी तिच्याकडे वळल्या.

"घाबरते म्हणालीस ना मला? घाबरते. तुम्ही रविवारी गाडीत बसून जाल. सोमवारी हे अडलं तर मी कोणाचं दार वाजवू? जुनं अडलं तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला सांगतो, वरच्या मजल्यावरची बँकेतली सांगते, शेजारच्याच्या पोराला कळतं. ही हिरव्या डोंगराची सिस्टिम वापरणारा एक माणूस मला या गावात दाखव. एक. याला फोन करू म्हणतेस? हा मीटिंगमध्ये असेल. आणि मी गिऱ्हाइकाला काय सांगू, माझे जावई मीटिंगमध्ये आहेत?"

जावयाचं तोंड लाल झालं होतं. मनातलं बोलून टाकलं की हलकं वाटतं असं म्हणतात. मावशींना काही हलकं वाटलं नाही. सुईत दोरा जात नव्हता, आणि त्याचाही राग येत होता.

जावई हळूच म्हणाला, की तो जुनं पुन्हा घालून देतो. मावशी म्हणाल्या, "घाला." दुसरा शब्द नाही.

जुनी सिस्टिम परत आली. कपाटातली सीडी काढून प्रोग्रामही बसला. पण मागची काडी काही ओळखली जाईना. ती ओळखण्यासाठी मेकॅनिकने आपल्याजवळचं काहीतरी टाकलं होतं, ते त्या सीडीवर नव्हतं. मेकॅनिकचा नंबर लावला तर कोणा फरशीवाल्याने उचलला. शेवटी प्रोग्रामच्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने मधाळ आवाजात सांगितलं, की ती आवृत्ती बंद झाली आहे. नवी घ्या, तिचे दरमहा पैसे भरायचे. ती चालायला नवी सिस्टिम लागेल, आणि नव्या सिस्टिमला नवा कॉम्प्युटर. मावशींनी विचारलं, मी ती विकत घेतली होती, मग ती माझ्या घरात बंद कशी होते? मुलगी म्हणाली, मी तुमची अडचण समजू शकते.

"तुला काही समजत नाही, बाळ," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता एकच दार उरलं होतं, आणि ते वाजवण्यापेक्षा मावशींनी जॅकेटं हाताने भरली असती. मोठ्या रस्त्यावर, मावशी जिला नुसतं चष्मेवाली म्हणत, तिचं भरतकामाचं दुकान होतं. तिच्याकडे हेच मशीन, हाच प्रोग्राम, आणि दोन्ही त्याच मेकॅनिकने लावून दिलेलं. पण शाळेच्या स्वेटरांचं काम मावशींच्या हातून निसटून तिच्याकडे गेलं होतं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. बाजारात समोरासमोर आल्या तर एक टोमॅटो निरखायची आणि दुसरी कांदे.

नवरा म्हणाला, जा. जावयाने कॉम्प्युटर गाडीत ठेवला.

चष्मेवालीने चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेतलं. मग जावयाकडे पाहिलं आणि मावशींना विचारलं, "न विचारता?"

"न विचारता."

तिने आतून खुर्ची आणून दिली. तिची कहाणी काही वेगळी नव्हती. तिच्या धाकट्या दिराने तिच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर कसलीशी नवी आवृत्ती हौसेने चढवली होती, आणि एक मशीन महिनाभर चादरीखाली उभं होतं. दीर म्हणत राहिला, वहिनी, तुम्हाला सवय नाही म्हणून. चष्मेवालीच्या मनात तेव्हा मावशींकडे यायचं आलं होतं.

"मग आली का नाहीस?" मावशींनी विचारलं.

"तू बोलली असतीस?"

मावशींनी क्षणभर विचार केला. "नसते बोलले."

"तेच म्हणते."

मेकॅनिकने दिलेलं ते काहीतरी चष्मेवालीने एका जुन्या पेन ड्राइव्हवर जपून ठेवलं होतं. ते टाकल्याबरोबर मागच्या काडीचा दिवा लागला आणि प्रोग्राम उघडला. फाइली उघडल्या. दोऱ्याची ओढ मात्र कोरी होती, ती गेली ती गेलीच. चष्मेवालीने आपली ओढ देऊ केली. मावशींना ती घ्यावीशी वाटत नव्हती, पण जॅकेटं थांबली होती. घेतली.

मग दोघी बसून कंपन्यांना शिव्या घालू लागल्या. सिस्टिमची कंपनी, प्रोग्रामची कंपनी, मशीनची कंपनी, कोणालाच सोडलं नाही. हे कॉम्प्युटर कधीतरी बसणार, तेव्हा काय करायचं, हा प्रश्न आला तशा शिव्या थांबल्या. जावई दोऱ्यांच्या रिळांखाली स्टुलावर अंग चोरून बसला होता. तो काहीतरी बोलायला गेला, थांबला, आणि म्हणाला, "मी सांगू का?"

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"सांगा," मावशी म्हणाल्या. "हात लावू नका."

त्याने हात मांडीखाली घेतले आणि सांगितलं. हा कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त कामापुरता ठेवायचा, म्हणजे ना निरोप येणार, ना बाहेरचं काही शिरणार. आणि आत जे आहे त्याची जशीच्या तशी नक्कल एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायची. हा बसला तर त्याच जातीच्या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर ती चढवता येईल. मावशींनी विचारलं, काडी ओळखेल का? तो म्हणाला, बहुतेक. बहुतेक म्हणजे काय, चष्मेवालीने विचारलं. तो म्हणाला, म्हणजे मला खात्री नाही. आठवडाभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे शब्द निघाले होते. मावशींनी ते ऐकले, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. चष्मेवालीने आपल्याकडचा पडून असलेला कॉम्प्युटर काढला, जावयाने नक्कल त्यावर चढवून पाहिली, आणि काडीचा दिवा तिथेही लागला. प्रत्येक बटण दाबायच्या आधी तो मावशींकडे बघायचा. मावशी हं म्हणायच्या, तेव्हाच दाबायचा.

जॅकेटं वेळेत गेली. चष्मेवालीच्या ओढीने अक्षरं मावशींच्या नेहमीपेक्षा किंचित जाड आली होती. ठाण्यावरची कडक बाई चक्क हसली, छान झालंय म्हणाली. मावशींना ती जाडी लांबूनही दिसत होती, आणि प्रत्येक जॅकेटाची घडी घालताना त्यांच्या डोक्यात नव्याने तिडीक गेली होती.

रविवारी सामान गाडीत गेलं. लेकीने मिठी मारली, घाबरतेस म्हणाले ते चुकलं, असं कानात पुटपुटली. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जावई पाया पडला आणि उभा राहिला.

"आई, अजून रागावल्या आहात?"

पूर्वीच्या मावशी छे छे म्हणाल्या असत्या. "हो," त्या म्हणाल्या. "अजून बरेच दिवस राहीन. पोचल्यावर फोन करा."

लेक काही म्हणणार होती, पण त्यानेच तिला खूण करून थांबवलं. त्याने मान हलवली आणि गाडीत बसला.

गाडी वळणाआड गेल्यावर मावशी पुढच्या खोलीत आल्या. कॉम्प्युटर चालू केला. तो आपल्या जुन्या संथपणाने उठेपर्यंत त्यांनी चिंध्यांची पिशवी ओतून जाड कापड एकीकडे, टॉवेल एकीकडे, असे ढीग लावले. मग पहिला तुकडा चौकटीत ताणला आणि दोऱ्याची ओढ पहिल्यापासून बसवायला घेतली. दोरा तुटला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. नवरा बाहेर चक्कर मारायला गेला होता. मावशींनी जावयाला एक सणसणीत शिवी दिली, दोरा ओवला, आणि कंपनीला दोन दिल्या.